जायफळाचा एकच वेढा

ते सूप मी सिंकमध्ये ओतलं. आता इतक्या महिन्यांनी कबूल करायला हरकत नाही. सुवॉनमधला फेब्रुवारी, अकराव्या मजल्यावरचं घर, काचेबाहेर पांढरं आभाळ आणि पायाखालच्या लाकडी जमिनीतून वर येणारी ऊब. नऊ दिवसांची नात आणि तिची आई आतल्या खोलीत गाढ झोपल्या होत्या, जावई ऑफिसात. बेल वाजून बाळ उठू नये म्हणून शेजारच्या आजींनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, दोन्ही हातांनी झाकणाचं पातेलं पुढे केलं आणि कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्यांना मराठी येत नाही, मला कोरियन येत नाही. दोन म्हाताऱ्या वाकण्यापलीकडे काय बोलणार? दार लावून झाकण काढलं आणि स्वयंपाकघरात एकदम ओहोटी आली. तोच वास. खारट, गार, थोडा सडका, थोडा लोखंडासारखा. दुधट पाण्यात काळ्या-हिरव्या पट्ट्या तरंगत होत्या, वर तेलाचे डोळे. ह्या सुपात गाईचं मांस घालतात हे जावयानं सहज बोलताना सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि पातेलं तिरकं केलं.

पाणी गेलं, पण पट्ट्या जाळीत अडकल्या. त्या बोटांनी उचलाव्या लागल्या. बुळबुळीत, मऊ, अजून कोमट. ओल्या कचऱ्याच्या डब्यात त्या टाकल्या आणि वर केळ्याची सालं झाकली. चोरानं मुद्देमाल पुरावा तशी.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आजींनी मियोक-गुक आणलं होतं ना? कसं होतं?" (मियोक हे समुद्री शेवाळ, गुक म्हणजे सूप.) मी म्हणाले, "छान होतं गं. तू झोपली होतीस, मीच संपवलं." ती खूश झाली. म्हणाली, "त्यांनी परवा मुद्दाम फोन करून विचारलं होतं, तुम्ही काय काय खात नाही ते. मांस नाही, शिंपल्या नाहीत, नुसतं पेरिलाच्या बियांचं कूट लावून केलंय म्हणाल्या. असं पहिल्यांदाच केलं म्हणे त्यांनी."

पेरिलाचं कूट म्हणजे आपल्या कारळ्याच्या कुटाचं चुलतभावंड. तो दुधट रंग त्याचा होता.

खरं सांगायचं तर मांसाची शंका हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं शेवाळ होतं. माझं आजोळ हेदवीचं. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी आम्ही पोरं बामणघळीच्या बाजूच्या खडकांवर जायचो आणि आजीची एकच ताकीद असायची: हिरव्यावर पाय देऊ नका. हिरवं म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे पाय घसरणं, गुडघा फुटणं, कालवांच्या धारेवर तळवा कापणं. पावसाळा सरला की किनाऱ्यावर तांबूस-तपकिरी झुडपंच्या झुडपं वाहून यायची, बारीक मण्यांसारखे फुगे असलेली. ते फुगे पायाखाली फोडायला मजा यायची. घरचा गडी टोपलीभर उचलून माडाच्या आळ्यात टाकायचा. माडानं खायची वस्तू ती. समुद्राच्या इतक्या जवळ राहून आमच्या शाकाहारी घरानं त्याच्याकडून फक्त मीठ घेतलं, तेही मिठागरातलं खडेमीठ, चिनी मातीच्या बरणीत भरलेलं. आणि हो, चायना ग्रास. एकादशीलासुद्धा कुणाकुणाकडे त्याचा दुधातला थरथरता पदार्थ व्हायचा. ते पारदर्शक दोरे समुद्री शेवाळापासूनच काढतात हे मला पन्नाशीनंतर कळलं. तेव्हा बाटलेलीच होते मी, फक्त पत्ता नव्हता.

"छान होतं" या दोन शब्दांची शिक्षा दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. आवडलं म्हटल्यावर आजी रोज सूप आणू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तिकडे बाळंतिणीसाठी आठवडे-दोन आठवडे राहायची खास केंद्रं असतात; आमच्या लेकीनं त्याऐवजी आईला बोलावलं, म्हणून बहुधा त्या आजींना वाटलं असावं, ही परदेशी आई एकटी काय काय करणार? एकवीस दिवस, तिन्ही त्रिकाळ हेच सूप, असा जुना रिवाज. दूध येतं, रक्त भरून निघतं, सांधे धरत नाहीत. म्हणतात की व्यालेली देवमाशीण शेवाळ खाताना कुणीतरी पाहिली, तिथून हे सुरू झालं. पुढे जन्मभर प्रत्येक वाढदिवसाला तेच सूप, आईच्या बाळंतपणाची आठवण म्हणून. फक्त परीक्षेच्या दिवशी प्यायचं नाही. बुळबुळीत खाल्लं की नापास होतो. (ही म्हण मला भयंकर आवडली. हेदवीच्या आजीनं ती लगेच उचलली असती.) आणि मुलं देणारी, बाळाची राखण करणारी एक देवी असते, साम्शिन हल्मोनी. हल्मोनी म्हणजे आजी. तिच्यापुढे भात आणि हेच सूप ठेवतात. लेक हे सांगत होती तेव्हा माझ्या बॅगेत सटवाईच्या पूजेचं सामान होतं. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून मी ती पूजा केलीही होती, अकराव्या मजल्यावर. रात्री दोन्ही म्हाताऱ्या त्या घरात आल्या असतील तर एकमेकींना वाकून गेल्या असतील.

चौथ्या दिवशी मी स्वतः चव घेतली. आळिवाची खीर आठवली. हसू नका. आळीव भिजले की ज्या गिळगिळीतपणानं जिभेवरून सरकतात, तसंच हे. आळीव चमचाभर घ्यावेत तर वाटीभर होतात. आजींनी दाखवलेले वाळके पट्टेही मूठभर भिजवले की पातेलं भरून फुगायचे. म्हणजे पृथ्वीवर दोन ठिकाणच्या बायकांनी बाळंतिणीला फुगणारं आणि घसरणारं काहीतरी द्यायचं ठरवलं, आणि दोघींनी कारण एकच सांगितलं: दूध येतं. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. चव मात्र आवडली नाही, तेही सांगते.

मग तपासणीचा दिवस आला. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे अहवाल चांगले होते, थायरॉइडचाही. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, सूप किती वेळा? लेक म्हणाली, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. त्या हसल्या, आणि हसतच म्हणाल्या की कमी करा, शेवाळात आयोडिन फार असतं. एक लहान वाडगा, तोही रोज नको, आणि दाशिमाचं पाणी तर त्यात नकोच. दाशिमा म्हणजे जपानी लोक ज्याला कोम्बू म्हणतात ते जाड शेवाळ, रश्श्याला चव यावी म्हणून टाकतात. मी गाडीत बसल्या बसल्या मनात म्हटलं, बघ, मी ओतलं ते बरंच केलं! पण पुढचा प्रश्न त्यांनी मीठ कुठलं वापरता असा विचारला होता, आणि त्याचं उत्तर माझ्या बॅगेतून आलं होतं. पुण्याहून मी दोन किलो सैंधव नेलं होतं. शुद्ध, गुलाबी, बाळंतिणीला बाधत नाही म्हणून. आयोडिन मुद्दाम मिसळलेलं नसेल तर सैंधवात ते नावालाच. तिकडच्या साध्या मिठातही घालत नाहीत, कारण तिकडच्या माणसाला शेवाळातून मिळतं ते पुरून उरतं. माझी लेक मासे खात नाही, अंडं कधीमधी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, एरवी मोठ्या माणसाला १५०. म्हणजे त्या घरात बाळाला आईच्या दुधातून आयोडिन भरवशानं पोचवणारी वस्तू जवळपास एकच होती, आणि ती शेजारच्या पातेल्यातून येत होती. मी बरोबर होते आणि साफ चूकही होते, एकाच घोटात.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून वाचत बसले. थायरॉइडची गोळी मी स्वतः बारा वर्षं रोज अनशापोटी घेते, आणि तरीही ह्या आयोडिनविषयी मला किती कमी माहीत होतं! ते सापडलं तेच मुळी शेवाळात. १८११ साली, नेपोलियनच्या लढायांच्या दिवसांत, बर्नार कुर्त्वा नावाचा फ्रेंच माणूस बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होता. शेवाळाच्या राखेत त्यानं जरा जास्तच तीव्र आम्ल ओतलं आणि भांड्यातून जांभळा धूर उठला. थंड जागी तो धूर काळ्या चकचकीत कणांच्या रूपानं बसला. जांभळ्याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं आयोडिन. जास्त ओतलं म्हणून सापडलं, हे मला फार सूचक वाटलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते पन्नास-साठ मायक्रोग्रॅम असतं, म्हणून समुद्राचं मीठ खाल्लं की आयोडिन मिळतं ही आमच्या खडेमिठाच्या बरणीची समजूत खोटी. शेवाळ मात्र ते पाण्यातून वेचून वेचून साठवतं, आणि तेही सगळं सारखं नाही. सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात त्या नोरीच्या ग्रॅमभर तुकड्यात साधारण पंधरा ते चाळीस मायक्रोग्रॅम, आमच्या सुपातल्या मियोकमध्ये त्याच्या दोन-तीन पट, कधी त्याहून जास्त. आणि कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वरही. एक ग्रॅम म्हणजे काय, लहानसा तुकडा. त्यात दोन आठवड्यांचा शिधा.

जास्त झालं तर काय होतं, हे कळल्यावर तर मी उठून पाणीच प्यायले. आयोडिन कमी पडलं की थायरॉइड मंदावते, हे शाळेत शिकलो. गलगंडाचं चित्र भूगोलाच्या की विज्ञानाच्या पुस्तकात होतं, हिमालयातली बाई, गळ्याशी उशीएवढी गाठ. पण आयोडिनचा पूर आला तरी ती ग्रंथी घाबरून काम थांबवते. वोल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ साली उंदरांमध्ये ते दाखवलं. धडधाकट माणसाची ग्रंथी थोड्या दिवसांत सावरते. नवजात बाळाची, त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची, सावरेलच असं नाही. माझ्यासारख्या आधीच रुसलेल्या थायरॉइडवाल्यांचीही नाही. आणि आईनं खाल्लेलं आयोडिन दुधात उतरतं, चांगलं भरपूर उतरतं. ऑस्ट्रेलियात अशा सुपामुळे बाळांची थायरॉइड मंदावल्याच्या नोंदी आहेत. तिथंच २००९ साली एक सोया दूध बाजारातून परत घ्यावं लागलं होतं, कारण चवीसाठी त्यात कोम्बू घातलं होतं आणि माणसं आजारी पडली. सगळ्यात मला हलवून गेली ती होक्काइदोची गोष्ट. जपानच्या त्या बेटावर, भरपूर कोम्बू खाणाऱ्या किनारी गावांमध्ये १९६० च्या दशकात डॉक्टरांना गलगंड दिसला. इकडे आपल्याकडे जवळपास त्याच काळात कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी मिठात आयोडिन घालून लोकांचे गळे खाली आणत होते. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डोंगरात आयोडिन नाही म्हणून गाठ, समुद्रकाठी आयोडिन फार म्हणून गाठ. गाठ तीच.

वाचता वाचता मला सहाण आठवली. तीही बॅगेत होती, टॉवेलात गुंडाळलेली, आणि बाहेर निघालीच नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं. पण हेदवीच्या आजीची बाळगुटी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. अंगणातल्या उन्हात पाय पसरून बसलेली आजी, सहाणेवर दुधाचे चार थेंब, आणि एकेक मुळी उगाळताना तोंडानं मोजणं. हळकुंडाचे तीन वेढे. मुरुडशेंगेचे दोन. वेखंडाचा एक. बाळाचं पोट गच्च असेल तर मुरुडशेंग वाढायची, सर्दी असेल तर वेखंड. जायफळाचा मात्र एकच वेढा, बाळ कितीही रडत असलं तरी. मामी एकदा पहाटे चिडून म्हणाली होती, घाला की हो सासूबाई अजून एक, झोपेल तरी कारटं. आजीनं सहाण सरळ मांडीमागे ठेवली. तिला मायक्रोग्रॅम माहीत नव्हते. पण जायफळाच्या दुसऱ्या वेढ्यात काय आहे हे तिच्या मनगटाला माहीत होतं.

शेजारच्या आजींच्या मनगटाला काय माहीत होतं, हा प्रश्न मग मला पडला. कारण सूप कमी करायला सांगितलंय हे त्यांना सांगणं भाग होतं. लेकीनं फार सांभाळून सांगितलं. त्या ऐकत होत्या, ओठ घट्ट मिटून. मग म्हणाल्या (लेकीनं भाषांतर केलं), मी तीन मुलं वाढवली, प्रत्येक वेळी एकवीस दिवस पीत होते, तिघंही धडधाकट आहेत. माझी आजीही अगदी हेच, ह्याच सुरात म्हणाली असती. त्यावर काय बोलायचं असतं? धडधाकट पोरांपुढे आकडे पोरकेच वाटतात. पण दोन दिवसांनी पातेलं पुन्हा आलं, लहान. त्यांनी मला हातानं धरून आपल्या ओट्यापाशी नेलं आणि खुणेनं दाखवलं: शेवाळ बराच वेळ भिजवलंय, ते पाणी ओतून दिलंय, चोळून धुतलंय, पुन्हा ओतलंय. दाशिमाच्या डब्याकडे बोट करून त्यांनी मान जोरात हलवली, नाही टाकलं. आयोडिन पाण्यात उतरतं. ते पाणी फेकलं तर बरंचसं जातं, त्याचाच रस्सा केला तर सगळं वाडग्यातच राहतं. हे मी पुस्तकी वाचलं होतं. त्यांना ते कुणी सांगितलं, की हात आपोआप तिकडे गेला, मला कळायला मार्ग नाही. सिंकमध्ये काळपट पाणी जाताना दोघी बघत होतो. मी नजर वर केली नाही.

पुण्याला परत आल्यावर महिन्याभरात माझ्या भाचीचा फोन. ती दोन वर्षं व्हीगन आहे, दूध बंद, घरात सैंधव. कुठं तरी वाचलं की व्हीगन लोकांना आयोडिन कमी पडतं, शेवाळ घ्या. तिनं केल्पची पावडर मागवली होती. फोटो पाठवला: हिरवट भुकटी, पाकिटावर लाटा, आणि लिहिलंय रोज एक टीस्पून स्मूदीत. केल्प म्हणजे कोम्बूच्याच कुळातलं. मी म्हटलं, "आयोडिन किती आहे ते लिहिलंय का?" नव्हतं. टीस्पून म्हणजे तीनेक ग्रॅम, हिशेब केला आणि अंगावर काटा आला. युरोपात मोठ्या माणसाची वरची मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम धरतात, अमेरिकेत ११००, शेवाळावर वाढलेल्या जपानमध्येसुद्धा ३०००. ही पोरगी रोज सकाळी त्याच्याही पुढे जाईल की काय. "मावशी, पण हे नॅचरल आहे ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "जायफळही नॅचरलच आहे." तिला अर्थातच काही समजलं नाही.

मग मी तिला सांगितलं ते अगदी रुक्ष होतं. आधी घरात साधं आयोडिनयुक्त मीठ आण. ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत त्यात दहा लाखांत किमान १५ भाग आयोडिन असलंच पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात दीडशे मायक्रोग्रॅम. ते कुणीतरी आधीच मोजून ठेवलंय. मीठ जास्त खाऊ नकोस, डबा घट्ट लाव. शेवाळाची हौसच असेल तर नोरी खा, अधूनमधून. आकडा न लिहिलेली केल्पची पावडर किंवा गोळी नको. हिजिकी नावाचं काळं शेवाळ कुठं दिसलं तर तेही नको, त्यात आर्सेनिक निघतं. ब्रिटनमध्ये २००४ सालीच खाऊ नका म्हणून सांगितलंय. आणि थायरॉइड तपासून घे, आपल्या घराण्यात आहे. ती म्हणाली, "तू फारच डॉक्टर झालीस गं." पाकिटाचं काय केलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ओतून टाकण्याबाबत बोलायचा मला फारसा अधिकार उरलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या दिवशी पातेलं घासून झाल्यावर ते रिकामं परत कसं करायचं, हा प्रश्न होताच. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. मी त्यात आळिवाचे सात लाडू ठेवले, ओल्या नारळाचे. नारळ तिकडे फ्रोजन मिळाला होता. आजींनी झाकण उचलून वास घेतला. जायफळाचा असावा. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, ते मला नीट ओळखता आलं, कारण तसंच काहीतरी आदल्या तासाभरात माझ्याही चेहऱ्यावर हललं होतं. मग त्या वाकल्या, मीही वाकले. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन आल्या तेव्हा लेकीनं विचारलं, लाडू कसे होते? त्या म्हणाल्या, छान होते, मीच संपवले.